पिग्मी रोज भरतो, पण साठीनंतर आपल्या नावावर काय?

शहापूरची_पिग्मीवाली

नमस्कार. मी बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागात पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी भरायची ठेव, घरोघर जाऊन गोळा करते. बायकांच्या हातातून रोज पैसे घेताना एक गोष्ट मनात साचत आलीय, ती इथे मांडते.

बायका बचत करत नाहीत हे साफ खोटं आहे. भाजीवाली वीस रुपये देते, ब्लाऊज शिवणारी पन्नास, खानावळवाली शंभर. पाऊस असो, घरात पाहुणे असोत, माझी वेळ झाली की पैसे काढून ठेवलेले असतात.

वडगावातलं एक घर सांगते. पुढच्या खोलीत माग धडधडत असतात आणि मागच्या बाजूला घरची बाई कांड्या भरत बसलेली असते. त्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून मी चौकटीत उभी राहते. ती एका हाताने मशीन बंद करते, कमरेच्या पिशवीतली घडी घातलेली पन्नासची नोट देते, पावती घेते आणि देव्हाऱ्याखालच्या डब्यात टाकते. साडीचे पैसे नवऱ्याच्या हातात येतात. कांड्यांचा वेगळा हिशेब कुणी धरत नाही. त्या पन्नास रुपयांवर मात्र तिचं नाव असतं.

आणि हेच खातं वर्ष होतंय न होतंय तोच मोडतं. जूनला शाळेची फी, गणपतीला कापडचोपड, नणंदेचं बाळंतपण, पोराच्या गाडीचं डाऊन पेमेंट. पैसे काढायला आलेली एकही बाई ‘माझ्यासाठी’ म्हणालेली मला आठवत नाही.

यात पिग्मीचा दोष नाही. १९२५ साली उडुपीत सिंडिकेट बँक निघाली तीच मुळी अडचणीतल्या विणकरांना हात द्यायला, आणि १९२८ पासून त्यांनी घरोघर जाऊन दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. ती पिग्मी. २०२० मध्ये ती बँक कॅनरा बँकेत गेली, पण पिग्मी आपल्याकडे गल्लोगल्ली राहिली. वर्षाची नड भागवायला ती उत्तम आहे. म्हातारपण तिच्यावर ढकलता येत नाही.

ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर यायला लागले. पुष्कळ बायकांच्या आयुष्यात सरळ स्वतःच्या खात्यावर आलेली ही पहिलीच रक्कम. तीही किराण्यात जाते, आणि जाणारच. पण त्यातलं थोडं तरी अशा ठिकाणी ठेवता येईल का, की घराची पुढची नड तिथपर्यंत पोचणार नाही? आपल्या भागात कोणी काय केलंय, सविस्तर लिहा.

टिळकवाडी_शिक्षिका

अक्का, चांगला विषय काढलात. मी खाजगी शाळेत शिकवते, पेन्शन नाही. मी अटल पेन्शन योजनेत तिसाव्या वर्षी खातं उघडलं. साठीनंतर महिना ५,००० रुपये मिळावेत म्हणून दरमहा ५७७ रुपये बँकेतून आपोआप कापले जातात. हेच अठराव्या वर्षी सुरू केलं तर २१० रुपये, पस्तिसाव्या वर्षी ९०२ आणि चाळिशीला थेट १,४५४. चाळिशीनंतर दार बंद. ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना नवीन खातं मिळत नाही, तेवढं बघून घ्या.

मला यातलं आवडलं ते हे, की सहजासहजी मोडता येत नाही. दिराने एकदा पैसे मागितले, मी पासबुक दाखवलं आणि विषय तिथेच संपला. आपल्यानंतर नवऱ्याला तीच पेन्शन चालू राहते आणि दोघांनंतर साठलेली रक्कम वारसाला जाते.

पण खरं तेही सांगते. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांत आजच्या जेमतेम पावणेनऊशे रुपयांची खरेदी होईल. म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. शिकवणीच्या पैशातून पीपीएफ, म्हणजे पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं, भरते. महिना २,००० प्रमाणे पंधरा वर्षं, आजच्या ७.१ टक्के दराने सव्वासहा लाखांच्या पुढे जातात. पंधरा वर्षांनी पुन्हा पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं.

निपाणीची_लेक

माझी आई निपाणीत विड्या वळायची. तिचं लिहिते, कारण असं आपल्याकडे कितीतरी घरांत झालंय.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, शेजारी आम्ही पोरं. आईचा हात इतका चालायचा की ती बोलताना खाली बघायचीसुद्धा नाही. पण विडी कामगाराचं कार्ड होतं थोरल्या काकूच्या नावावर. घरातल्या तिघी वळायच्या आणि विड्या एकाच कार्डावर जायच्या. विडी धंद्याला पीएफचा कायदा १९७७ पासून लागू आहे. पण कागदावर आई कामगारच नव्हती, त्यामुळे कायदा आमच्या उंबऱ्यापर्यंत आलाच नाही. काकूला पुढे पीएफ मिळाला, थोडी पेन्शनही बसली. काकू मनाने मोठी, आईला ती लुगडं-चोळी घेऊन देते. पण आईला दुसऱ्याच्या हाताकडे बघावं लागतंच की.

ज्या ज्या बाया आजही घरात बसून वळतात, शिवतात, अगरबत्ती करतात त्यांना हात जोडून सांगणं आहे, की कार्ड स्वतःच्या नावाचं करून घ्या. जावेवर विश्वास नाही म्हणून नाही. वर्षं मोजली जातात ती कार्डावरच्या नावाची, म्हणून.

उद्यमबाग_निवृत्त

मी उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब आणि पगारपत्रकं बघत होतो. पीएफबद्दल लिहितो, कारण मुलींचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होताना बघितलंय.

मुलगी वीस-बावीसची असताना लागते. चार-पाच वर्षं काम करते, लग्न ठरतं, राजीनामा देते आणि पीएफचे सगळे पैसे काढते. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या मुलीला पैसे काढायला दोन महिने थांबायची अटही नसायची, इतकं ते गृहीत धरलेलं. ते पैसे भांड्याकुंड्यात, मांडवात जातात. पोरं मोठी झाल्यावर ती पुन्हा कामाला लागते आणि शून्यापासून सुरुवात होते.

पीएफमध्ये दोन भाग असतात हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं. एक जमा रक्कम, दुसरी पेन्शन. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, त्याला १५,००० पगाराची मर्यादा. एकूण दहा वर्षं भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. हिशेब असा, की पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. १५,००० पगारावर दहा वर्षं झाली तर महिना २,१४२ रुपये.

लग्नाआधीची पाच आणि नंतरची पाच मिळून दहा होतात. पण आधीच्या पाच वर्षांचे पेन्शनचे पैसे काढून घेतले की ती वर्षं पुसली जातात. म्हणून मुलींनो, अगदी गरजच पडली तर पीएफच्या जमेला हात लावा, पेन्शनच्या भागाला नको. नोकरी सुटली तर फॉर्म १०-सी भरताना पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट मागा. यूएएन, म्हणजे पीएफचा आपला कायमचा नंबर, जन्मभर एकच ठेवा. नवीन ठिकाणी लागताना जुना नंबर द्या, लाजू नका.

खडेबाजार_वैनी

भिशीला कोणी नावं ठेवू नका बरं का. आमची बायकांची भिशी बरीच वर्षं चाललीय. त्यातून मी शिलाई मशीन घेतलं, धाकटीची इंजिनिअरिंगची पहिली फी भरली. बँकेने दारात उभं केलं नसतं तेव्हा मैत्रिणींनी माझा नंबर आधी काढला. आणि सोनंही म्हणते मी. दरवर्षी थोडं का होईना, एक डाग करून ठेवायचा. अडीनडीला तोच धावतो.

शहापूरची_पिग्मीवाली

वैनी, नावं ठेवत नाही. भिशीत एकमेकींची माया असते, ती बँकेत मिळणार नाही. पण तुम्हीच लिहिलंत बघा, मशीन आणि फी. दोन्ही कामं मोलाची आणि दोन्ही घराची.

डागाचंही तसंच होताना बघते. पाटल्या बाईच्या, पण गहाण पडतात त्या पोराच्या दुकानासाठी नाहीतर जावयाच्या अडचणीला. सुटून येतात कधी, कधी लिलावात जातात. भाव वाढला म्हणून सोनं चांगलं, हे खरं. पण कपाटातल्या सोन्याला घरातलं कोणीही ‘दे’ म्हणू शकतं आणि आपल्याला नाही म्हणवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की दोन जागा हव्यात. एक मोडायची आणि एक न मोडायची. नुसतं सगळं न मोडणाऱ्यात घातलं आणि उद्या दवाखाना आला तर बाई महिला संघाचं नाहीतर मायक्रोफायनान्सचं कर्ज काढते, आणि त्या हप्त्यांनी आपल्या जिल्ह्यात काय हाल केलेत ते सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारला वसुलीच्या जबरदस्तीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. तेव्हा पिग्मी, भिशी चालू ठेवाच. ती पहिली जागा. दुसरी रिकामी आहे, मी तिच्याबद्दल बोलतेय.

वडगावकर_७६

सगळं वाचलं. मला थोडं वेगळं वाटतं. घर एक, चूल एक, मग नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं कशाला? मी आयुष्यभर माग चालवला, जे केलं ते दोघांसाठीच केलं. घर माझ्या नावावर असलं तरी माझ्यानंतर तिचंच आहे. नॉमिनी म्हणून सगळीकडे तिचंच नाव घातलंय. तुमच्या बोलण्यातून पोरींच्या मनात संशय पेरला जाईल असं वाटतं.

कोर्टाजवळ

काका, तुमच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही. मी बेळगावात वकिली करते, रोज जे कागद समोर येतात त्यावरून लिहिते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे तिच्या हातात देऊन बँक मोकळी होते, पण मृत्युपत्र नसेल तर वारस सगळेच असतात, मुलंही आणि तुमची आई हयात असेल तर त्याही. घर माझ्यानंतर तिचंच आहे, हे तुम्ही मनात धरलंय, कागदावर नाही. साधं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसमोर.

दुसरं म्हणजे कर्ज. सुताचा व्यापारी, बँक, सोसायटी, कोणाचंही देणं राहिलं तर ते तुमच्या मिळकतीतून वसूल होतं. बायको जामीन असेल तर तिच्याही. पीपीएफमधली रक्कम मात्र खातेदाराच्या कर्जापोटी कोर्टाला जप्त करता येत नाही. आणि नवरा स्वतःच्या आयुष्याचा विमा काढताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायकोच्या नावे लिहून देऊ शकतो. मग त्या पैशांवर धनकोचा हक्क चालत नाही. मात्र पॉलिसी घेतानाच तसं लिहायला हवं. एजंट आपणहून क्वचितच सांगतात, तुम्ही विचारा.

आणि आता जमिनीबद्दल, कारण त्याशिवाय हा धागा अपुरा राहील. येळ्ळूर, हलगा, मच्छे, कंग्राळी, शहराभोवतीच्या कुठल्याही गावात जा. जमिनीला भाव आलाय, कुठे बायपासला गेलीय, कुठे प्लॉट पडलेत. भरपाई किंवा विक्रीचे पैसे ज्यांची नावं उताऱ्यावर त्यांनाच मिळतात. त्याआधी बहिणींना जेवायला बोलावतात, साडी देतात आणि हक्कसोडवर सह्या घेतात. कर्नाटकाने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी. २००५ पासून तो देशभर लागू झाला, लग्न झालेल्या मुलींनासुद्धा. तरी सही होते, कारण माहेर तुटेल ही भीती असते.

मी कोणाला भावाशी भांडायला सांगत नाही. पण ज्या बाईला पेन्शन नाही, पीएफ नाही, तिच्या म्हातारपणाचा सगळ्यात मोठा ठेवा त्या एका सहीत जातो. पन्नास रुपयांची पिग्मी जन्मभर भरून तेवढं कधीच साठत नाही. सही करायची असेल तर जरूर करा, पण घरी कागद आणून, वाचून घेऊन, किंमत कळल्यावर. आणि बदल्यात काही रक्कम मागायला संकोच करू नका. भावांनी बहिणीच्या नावाने ठेव ठेवली आणि नातंही टिकलं, अशी घरं मी बघितली आहेत.

वडगावकर_७६

ताई, संशयाचं मला अजूनही तसंच वाटतं. पण मृत्युपत्राचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्या आईचं वय झालंय, ती आहे तोवरच हे केलेलं बरं. एक विचारतो, मृत्युपत्र कन्नडातच लागतं का मराठीत चालतं?

कोर्टाजवळ

चालतं काका. ज्या भाषेत तुम्हाला नीट समजतं त्या भाषेत करा. रजिस्टर केलंच पाहिजे असंही नाही, पण केलेलं बरं.

चंदगडला_दिलेली

माझं माहेर कर्नाटकात खानापूर तालुक्यात, सासर महाराष्ट्रात चंदगडला. आपल्या सीमाभागात मुली इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातातच. त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझ्या आईला गृहलक्ष्मी मिळते. मला महाराष्ट्राची लाडकी बहीण मिळते, महिना १,५०० रुपये, जुलै २०२४ पासून. माझी बहीण बेळगावातच राहिली, तिला कर्नाटकाचं मिळतं. म्हणजे हद्द कुठे ओलांडली त्यावर रक्कम ठरते. रेशन कार्ड एकीकडचं कमी होऊन दुसरीकडे चढेपर्यंत मधले महिने दोन्हीकडचं काहीच नाही. बसचंही तसंच, कर्नाटकात शक्ती योजनेचा मोफत प्रवास, महाराष्ट्रात एसटीला अर्धं तिकीट.

आणि लाडकी बहीण वयाच्या ६५ पर्यंतच आहे. ज्या वयात हात थकतात नेमकं तेव्हा ती थांबते. राज्याचे हे पैसे आजच्या खर्चाचे आहेत. सरकार बदलेल, अट बदलेल, आपलं गाव बदलेल.

अटल पेन्शन, पीपीएफ, पीएफ, पोस्ट ही खाती केंद्राची. लग्नाआधी बेळगावात काढलेलं माझं पीपीएफ मी इकडच्या शाखेत बदलून घेतलं, रक्कम आणि वर्षं दोन्ही तशीच आली. सीमाभागातल्या आयांना माझं सांगणं आहे, मुलीला आंदण देताना भांड्यांचा एक सेट कमी द्या, पण असं एक खातं काढून द्या आणि लग्नाआधी दोन-तीन वर्षं भरून दाखवा. म्हणजे तिला सवय लागते आणि सासरीही ते तिचं म्हणूनच जातं.

टिळकवाडी_शिक्षिका

आंदणात खातं! हे मी माझ्या वर्गातल्या आयांना पालकसभेत सांगणार.

शहापूरची_पिग्मीवाली

एक राहून जात होतं. सोसायट्यांचं. आपल्या भागात पतसंस्था, सोसायट्या, मल्टिस्टेट यांचं जाळं मोठं आहे आणि मराठी माणसाचा जीव त्यांच्यात. ओळखीचा चेअरमन, मराठीत बोलणारा कारकून, बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त व्याज. चांगल्या चाललेल्या संस्था आहेतच. पण माझ्या मावशीने नवऱ्याच्या मागे मिळालेली सगळी रक्कम एका सोसायटीत ठेवली आणि ती संस्था बसली. मावशी अजून खेटे घालतेय.

बँक बुडाली तर, सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदाराचे ५ लाखांपर्यंतचे पैसे विम्यात असतात. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली. पतसंस्थांना हा विमा नाही. दारावर पाटी बँकेसारखी असली तरी नाही. म्हातारपणाचे सगळे पैसे एका सोसायटीत कधीच ठेवू नका. विधवा बाईच्या हातात एकरकमी पैसे आले की पंधरा दिवसांत दारात चार माणसं येतात, हे मी डोळ्यांनी बघते. तेव्हा पैसे आधी बँकेत नाहीतर पोस्टात नुसते पडू द्या. वर्षश्राद्ध होऊ द्या, मग ठरवा.

अनगोळची_मामी

मला टायपिंग जमत नाही, नात लिहून देतेय. माझं वय ५५. दोन घरी स्वयंपाकाला जाते. मालक वारले, मुलगा गोव्याला कामाला असतो, त्याचं त्यालाच पुरत नाही. अटल का काय ते मला मिळणार नाही म्हणता. मग आमच्यासारखीने काय करायचं? उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं का?

उद्यमबाग_निवृत्त

नाही मामी, सोडायचं नाही. तुम्हाला गृहलक्ष्मी मिळत असेल तर हिशेब मांडून दाखवतो.

पोस्टात पाच वर्षांची आरडी असते. महिना २,००० भरले तर पाच वर्षांत १ लाख २० हजार भरले जातात आणि आजच्या ६.७ टक्के दराने १ लाख ४२ हजारांच्या वर हातात येतात. तेव्हा तुम्ही साठीच्या झालेल्या असाल. मग ते पैसे तिथेच पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचे. आजचा दर ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यावर जमा होतं. १ लाख ४२ हजारांवर तिमाहीला २,९०० रुपये. मोठी रक्कम नाही, पण औषधाला आणि गॅसला कोणाकडे मागावं लागणार नाही, आणि मुद्दल तसंच राहतं.

६५ पूर्ण झाली की कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा पेन्शनचा अर्ज करा, महिना १,२०० रुपये. उत्पन्नाची अट आहे, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे सरकारी महसूल कार्यालयातून, मिळतो.

दोन हजार झेपत नसतील तर पाचशेने सुरू करा. आरडी शंभर रुपयांपासून असते.

अनगोळची_मामी

पाचशे जमतील. गृहलक्ष्मीतून पाचशे आणि एका घरच्या पगारातून पाचशे, असं हजार करते. मुलाला सांगायचं का?

निपाणीची_लेक

मामी, सांगा. वारस म्हणून त्याचं नाव घाला, म्हणजे त्यालाही बरं वाटेल. पण पासबुक तुमच्याजवळ राहू दे.

शहापूरची_पिग्मीवाली

मामी, पोस्टात जायच्या आधी एक काम करा. आधार, पासबुक आणि रेशन कार्ड एकाजवळ एक ठेवून नातीला नाव वाचायला सांगा. आपल्याकडे एकाच बाईचं नाव आधारवर लक्ष्मीबाई, रेशन कार्डावर लक्ष्मव्वा आणि बँकेत माहेरच्या आडनावाने असतं. जन्मतारीखही आधारवर बऱ्याच जणींची १ जानेवारीच पडलेली असते. आरडी कशीही निघेल, पण साठीची योजना आणि ६५ ची पेन्शन वयावरच अडते. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, पाच वर्षं हातात आहेत.

मी गुरुवारी दुपारी अनगोळच्या बाजूला येते. नातीला मला मेसेज करायला सांगा, फॉर्म आपण बसून भरू.